काचेवरचे पेपर

१२ मे, कळंब

सुनंदानं बांधलेल्या ऑफिसच्या इमारतीची आज वास्तुशांत झाली. कॉलेजात आम्ही एका वर्गात, आता दोघंही इथंच इंजिनिअर. बाहेर लई ऊन, अन् आत एसी नसताना गारवा! बेसिनचं पाणी गाळून संडासाला, गच्चीवरचं पावसाचं पाणी खालच्या टाकीत. मी मुद्दाम चूक शोधत फिरलो. एक सापडली न्हाय.

रस्त्यापलीकडं मी बांधलेली इमारत. मालकाला पुण्यासारखी काच पाहिजे होती, म्हणून मी पश्चिमेला सगळी काचच लावली. आता उन्हापायी लोकांनी आतून तिच्यावर पेपर चिकटवलेत. सुनंदाच्या दारातून ते स्वच्छ दिसतात.

सत्काराचा फेटा बांधल्यावर ती म्हणाली, “पश्चिमेला जाड भिंत अन् बारक्या खिडक्या ठेवायच्या, हे मला कॉलेजात या दिनकरनं सांगितलं होतं.” सगळ्यांनी माझ्याकडं बघून टाळ्या वाजवल्या.

टोमणा होता का? न्हाय, मनापासून बोलली. तेच जास्त झोंबतंय. मला सगळं ठाऊक होतं, तरी मालकापुढं तोंड उघडलं न्हाय.

माझं ऑफिसही त्याच काचेमागं आहे. पहिला पेपर मीच चिकटवला होता.