गच्चीवरची मोटरसायकल

१ जुलै १९६९, मंगळवार

ही वही धाकट्या बहिणीने, वूलाने दिली. म्हणाली, तुझी बडबड ऐकायला अथेन्समध्ये कोणाला वेळ नाही, वहीला सांगत जा. तर वहीबाई, ऐका. मी स्टाथिस, वय एकतीस, लारिसा गावातला मोटरसायकल मेकॅनिक, आजपासून सरकारी नोकर. तेही पोलिसांच्या गुप्त शाखेत. आईने बातमी ऐकून चर्चमध्ये हातभर मेणबत्ती लावली.

खोली ऑफिसच्या बरोबर समोर मिळाली, फोफोबाईंच्या घरात. बाई विधवा, बोलायला माझ्याच तोडीच्या. फक्त रस्त्याकडच्या खिडकीची झडप उघडायची नाही म्हणाल्या. एवढ्या उकाड्यात? म्हणाल्या, होईल सवय.

ऑफिसात पाच पानी फॉर्म भरला. घरातली माणसं, कोण काय करतं, कुठे राहतं. वूलाने मार्चमध्ये खोली बदलली. नवा पत्ता तिने आईलाही दिलेला नाही, फक्त मला दिलाय. तो सुवाच्य अक्षरात लिहिला. सार्जंट बाकालिसने अक्षराचं कौतुक केलं आणि कॉफी मागवली. माणूस मोकळा आहे.

३ जुलै

हसावं की काय कळेना. मला सांभाळायला दिलेली मोटरसायकल गच्चीवर आहे. पाचव्या मजल्याच्या वर. जुनी जर्मन गाडी, युद्धातली. चौघांनी जिन्याने उचलून आणली म्हणे. नंबर नाही, आरसा नाही, ती कुठे जातही नाही. भिंतीवर एक घंटा आहे. एकदा वाजली की गाडी सुरू करून ॲक्सिलरेटर पिळून धरायचा, दोनदा वाजली की बंद. कशासाठी, असं विचारलं. बाकालिस म्हणाला, चाचणी. कसली ते सांगितलं नाही.

इंजिनाचे हाल होते. दोन दिवस खपून कार्ब्युरेटर उघडला, प्लग बदलला. आज दुपारी तीनला घंटा झाली आणि पहिल्या किकला गाडी डरकाळी फोडून उठली. गंमत म्हणजे ही झोपेची वेळ. या वेळात पोराने चेंडू आपटला तरी शिपाई दारात येतो, आणि इथे शिपायांच्याच डोक्यावर सगळी गल्ली हादरतेय. समोरची एकही खिडकी उघडली नाही. माझं इंजिन आजवर मध्येच बंद पडलेलं नाही, हेही पडणार नाही.

८ जुलै

समोरच्या तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर आवाजाची तक्रार घेऊन ऑफिसात आले होते. चार दिवसांनी घरी परतले. आता पलीकडच्या फुटपाथने जातात. मी नमस्कार केला तर टोपी काढली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. फोफोबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या टोमॅटो महागलेत.

बाकालिस आज गच्चीवर सिगरेट ओढायला आला. कॉलेजची पोरं सत्तेवर बसलेल्या कर्नलसाहेबांविरुद्ध पत्रकं छापतात, रोज नवी, त्यामुळे डोक्याला ताप झालाय म्हणाला. छापायचं यंत्र कुठे आहे तेच सापडत नाही. मग माझ्या नखांतलं काळं वंगण बघून म्हणाला, तुला बायको मिळायची नाही गड्या. मी म्हटलं, आमचं घराणंच तसलं. माझे हात काळे, बहिणीचे कायम शाईने जांभळे. खूप हसला. जाताना सिगरेटचं अख्खं पाकीट देऊन गेला.

१३ जुलै, रविवार

वूला जेवायला आली. फोफोबाईंनी टोमॅटोत भात भरून भाजला होता. मी गच्चीवरच्या गाडीची कथा रंगवून सांगितली, घंटा, डरकाळी, सगळं. फोफोबाई उठून आत गेल्या. वूलाने काटा खाली ठेवला.

तिने हळू आवाजात विचारलं, ती तू चालवतोस? मग सांगितलं. गच्चीच्या खाली एक खोली आहे. तिच्या कॉलेजच्या वर्गातला लेआंड्रोस तिथे अकरा दिवस होता. बाहेर आला तेव्हा पाय बुटात मावत नव्हते. तो म्हणाला, मी ओरडतोय की नाही हे मलाच ऐकू येत नव्हतं, वरून फक्त इंजिन.

मी चिडलो. म्हटलं, पोरं काहीही सांगतात, मी फक्त मेकॅनिक आहे. ती म्हणाली, अरे, तुझं इंजिन कधी बंदच पडत नाही का? एकदा पडू दे. गल्लीला सगळं माहीत आहे, पण कोणी ऐकलेलं नाही. एकदा ऐकलं की मग ऐकलं नाही म्हणता येत नाही.

अर्धं ताट टाकून गेली. बोटं जांभळी होती. आज पहिल्यांदा नीट पाहिली.

१४ जुलै

घंटा झाली. सुरू केली. मग हात जरासा सैल केला, केसाएवढा.

ऐकू आलं.

पुन्हा पूर्ण पिळला. मीच पिळला. दोनदा घंटा होईपर्यंत सोडला नाही. मला माझ्या हाताची किळस येते.

१६ जुलै

आई आजारी आहे, नोकरी सोडतो म्हणालो. बाकालिसने खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, अशी नोकरी कोण सोडतं वेड्या? आणि बहिणीच्या हातांची शाई निघाली का रे?

तिथून धावत तिच्या खोलीवर. गादी फाडलेली. शेजारीण दाराच्या फटीतून म्हणाली, सकाळी दोघं आले होते, एवढ्या उन्हात कोट घालून. नेमका हाच पत्ता विचारत आले.

तो मी लिहिला. सुवाच्य अक्षरात.

१७ जुलै

बाकालिसच्या पाया पडलो. म्हणाला, रडतोस काय बायकांसारखा, पोरगी ठीक आहे. तू गाडी नीट चालव, म्हणजे तीही नीट राहील. इंजिन एकदा जरी अडखळलं तर मी सांगू शकत नाही.

रोज चालवतो. नीट चालवतो. देवा, किती नीट चालवतो.

२१ जुलै

माणसं चंद्रावर उतरली. खाली सगळे रेडिओला चिकटलेत. आज घंटा नाही. गच्चीवर इतकी शांतता पहिल्यांदाच.

लहानपणी वर्कशॉपमध्ये वूला मला जेवायला बोलवायची, ती पत्र्याच्या डब्यावर पाना तीनदा आपटून. मी जमिनीवर पाना तीनदा आपटला. काही नाही. परत आपटला.

खालून तीन. अगदी सावकाश.

तीच आहे. माझ्या पायाखाली आहे. पाच दिवस मी तिच्यावरच—

२४ जुलै

आज दीड तास गाडी. आपटलं. खालून दोनच आले.

२५ जुलै

खालून एक.

नीट चालवलं म्हणून नीट ठेवतील. हे मी खरं मानलं. मी—

२६ जुलै, शनिवार

आज संत पारास्केवीचा दिवस. वूलाचं खरं नाव पारास्केवीच, म्हणून हा तिचा नामदिन, वाढदिवसासारखा. दरवर्षी आईकडे मिठाई असते, दार दिवसभर उघडं असतं.

सकाळी आपटलं. उत्तर नाही. चार वेळा आपटलं. मग एक आलं. आहे.

तीनला घंटा झाली. गाडी सुरू आहे, ॲक्सिलरेटर तारेने बांधलाय, म्हणून लिहिता येतंय. गच्चीच्या दाराच्या कडीत मोठा पाना अडकवलाय. पेट्रोलचा कॉक बंद केलाय. आत उरलंय त्यावर दोन मिनिटं, फार तर तीन.

भीती वाटते. त्यांची नाही. जे ऐकू येईल त्याची.

पहिला ठसका. जिन्यावर बूट. बाकालिस हाका मारतोय, म्हणतोय काय झालं रे.

दुसरा. समोर फोफोबाईंची झडप हलली. हेडमास्तरांचीही. उघडा. बाई, उघडा ना—

दार हादरतंय. पाना वाकतोय.

माझं इंजिन आजवर कधी— पडतंय. थांब वूला, अजून नको, अजून थोडा आवाज आहे—

थांबलं.

आता. आता ओरड, बाळा, सगळी गल्ली—