डोहावरचे दिवे

प्रिय सृष्टी,

फोनवर तू नेहमी घाईत असतेस आणि मी बोलायला लागले की भलतंच तोंडून निघतं, म्हणून लिहितेय. शेजारचा सहादू उद्या पहिल्या पाळीला सातपूरच्या कारखान्यात जाईल, त्याच्याजवळ हे देते. मंगळवारपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. काल दूध उतू गेलं, आज भाजीत मीठ दोनदा पडलं. तुझे बाबा म्हणाले, लेकीच्या कार्यक्रमाचं टेन्शन आलंय. मी हो म्हटलं.

गावात सगळे खूश आहेत. धबधब्याच्या वाटेला कठडे लागले, रावजीने पार्किंगसाठी शेताचा कोपरा सपाट केला, आणि तुझे बाबा भज्यांच्या गाड्याला स्वतः रंग देतायत. घरात त्यांना चहाचा कप उचलायला सांगून बघ! त्र्यंबकला आलेली माणसं संध्याकाळी इकडे वळतील, असं जो तो सांगतो. आपली पोर इंजिनिअर होऊन आपल्याच गावचा धबधबा उजळणार, म्हणून लोक मला वाटेत थांबवून बोलतात. मला अभिमान वाटतो गं. खरंच वाटतो. तू मोबाईलवर चित्र दाखवलंस, धारेवर पिवळा उजेड आणि खाली डोहावर निळा, तेव्हा मीच गप्प बसले.

तू पाचवीपासून नाशिकला हॉस्टेलवर. तुला वाटलं असेल, घरोघरी बाथरूम झाल्यावर बायांची डोहावरची अंघोळ बंद झाली. नाही झाली. भातलावणीच्या दिवसांत अंधार पडला की आम्ही बाया अजूनही तिथे उतरतो. दिवसभर चिखलात वाकून कंबरेचा काटा ढिला होतो, मग गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहायचं. त्या वेळी गडीमाणूस वाटेवरच्या उंबराच्या पुढे येत नाही. गुरं चुकली तरी लांबूनच हाक देतो, 'बाया हायेत का गं?' तुलाही मी कडेवर नेलंय, तू भागीबाईच्या केसांना लोंबकळायचीस. तिथे आम्ही हसतो, सासरच्यांच्या नकला करतो. सरुबाई मुलगा गेल्यावर घरात रडली नाही, डोहात रडली. पण हे पुरुषांसमोर बोलायची रीतच नाही. ग्रामसभेत तुमच्या कंपनीने विचारलं, कोणाची काही हरकत आहे का, तेव्हा मागे बसलेल्या आम्ही सगळ्या जमिनीकडे बघत राहिलो. तुम्ही ते 'नाही' असं धरलंत.

मंगळवारी तुम्ही गावात कोणाला न सांगता दिवे लावून पाहिलेत. आम्ही पाण्यात होतो. एकदम सगळं निळं झालं. साड्या काठावर, लांब. कोणी ओरडलं नाही. ओरडलो असतो तर वरच्या सगळ्यांनी खाली बघितलं असतं. माना खाली घालून, केस तोंडावर ओढून उभ्या राहिलो. मी भागीबाईचा हात धरला. वरून टाळ्या ऐकू आल्या, त्यात तुझा आवाज होता. घरी पोचते तोच नाशिकला परतताना तू केलेला फोन, 'आई, पाहिलंस का?' मी भाकरी करत होते, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी तू पाठवलेला व्हिडिओ दाखवला. म्हणाले, निळ्या पाण्यात ते काळे दगड काय झकास दिसतात! सृष्टी, तिथे दगड नाहीत. त्या आम्ही होतो.

तुझ्यावर राग नाही, असं लिहिणार होते, पण आहे. तुला माहीत नव्हतं हे खरं, आणि आम्ही सांगितलं नाही हेही खरं. आता सांगतेय. धारेवर हवा तेवढा उजेड टाक, डोहावरचे दिवे तेवढे काढ. साहेबांना काय सांगायचं ते तू बघ. रविवारी उद्घाटनाला माझी खुर्ची पहिल्या रांगेत ठेवणार म्हणालीस, ती ठेवू नकोस. लावणी अजून उरकलेली नाही, आम्ही सगळ्या नेहमीसारख्या डोहातच असू. बायांचं तसं ठरलंय. डोहावर दिवे लागलेच, तर या वेळी मी मान खाली घालणार नाही. केसही बाजूला सारेन आणि वरच्या गर्दीत तुला शोधेन.

तुझीच,
आई