बागेतली पारदर्शक पिशवी

४ जानेवारी, सकाळ
कॉलनीच्या बागेतल्या लोखंडी कचरापेट्या घातक आहेत. आत कोणी बॉम्ब ठेवला तर दिसणार नाही. फुटला तर पत्र्याचेच तुकडे उडतील. मी अकरावीला फिजिक्स शिकवतो, हे आधीच सुचायला हवे होते. उपाय: लोखंडी कडी आणि तिला पारदर्शक पिशवी. अत्यंत स्वस्त. १८ तारखेला बाग समितीपुढे ठराव.
तंबाखू-सुपारीचा खर्रा आजपासून बंद. बायकोला, मेघाला, 'दिवाळीतच सोडला' असे सांगितले आहे. खोटेच, पण आता खरे होईल.

७ जानेवारी
ट्रायल सुरू. समितीचे अध्यक्ष गिरिधरजी म्हणाले, "काहून गा मास्तर, आपल्या बागेत कोन येऊन राह्यलं बॉम्ब ठेवाले?" नंतर पिशवीकडे बराच वेळ पाहत होते. नोंद घेतली.

९ जानेवारी, ६.१०
गिरिधरजींनी खिशातून काहीतरी काढले, मागे पाहिले, झटकन पिशवीत टाकले. वडीलधाऱ्यांवर संशय घ्यावा का? स्वतःला दोनदा विचारले. दोन्ही वेळा उत्तर 'हो'.
तपासले. जिलबीचा कागद. माळी रामाजीने तो सगळ्या वॉकर मंडळींना दाखवला: "बुढ्याची शुगर तीनशे हाय अन् हे पाहा!" गिरिधरजींच्या सूनबाई तिथेच होत्या.
यंत्रणा काम करते.

१३ जानेवारी
पिशव्या रिकाम्या. रामाजी चिडला: "सारे झुडपात फेकून राह्यले, मले वाकून वेचा लागते." सवय लागायला वेळ लागतो.
खर्रा एकच. ठरावाचा मसुदा लिहिताना.

१५ जानेवारी
खर्रे तीन. खर्ऱ्याच्या प्लास्टिकच्या पन्न्या झुडपात टाकणे म्हणजे स्वतःच्या शोधाशी बेइमानी. वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकल्या. मग वाटले, गुंडाळलेली वस्तू हीच तर संशयास्पद! काढून उघड्या टाकल्या. वर थोडी पाने.

१७ जानेवारी
मेघा बागेत आली. पिशवीपाशी थांबली. "अहो, या पन्न्या तर आपल्या चौकातल्या पानठेल्यावरच्या. कोण खातं हो इतका?" तपास चालू आहे म्हणालो. म्हणाली, "करा. उद्या मीटिंगला मीही येते."

१८ जानेवारी
पहिल्या रांगेत मेघा. रामाजीने भरलेली पिशवी टेबलावर ठेवली. गिरिधरजी म्हणाले, "ठराव मास्तरचा हाय. एकेक वस्तू काढू, ज्याची त्यानं ओळखावी. का जुन्या पेट्याच ठेवाच्या? हात वर करा."
जुन्या पेट्या एकमताने मंजूर. पहिला हात माझा होता.
मेघा एवढेच म्हणाली, "चला घरी."