ड्रायव्हर बाईंनी बसवलेलाच

सर,

परवा मी निवृत्त होते आहे. संगणक खोलीचा चार्ज नव्या मॅडमना द्यायचा म्हणून आज तुमचं कपाट उघडावं लागलं. त्यात तुमचा कॉम्प्युटर, तुमच्या घरी काकूंनी शिवलेलं त्याचं फुलाफुलांचं झाकण आणि तुमची नोंदवही निघाली. नोंदवही चाळली नसती तर हे लिहायला बसले नसते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याबद्दल कुणाशी वाकडं बोलायची सोय नाही. म्हणून तुमच्याशीच बोलते.

तुम्ही मला अकरावीत फिजिक्स शिकवलंत, पुढे नोकरीही तुमच्याच हाताखाली केली, आणि एवढ्या वर्षांत तुम्ही मला नेहमी 'बेटा' म्हणत आलात. नागपूरहून ग्राफिक्स कार्ड आणलंत त्या दिवशीही म्हणालात, "बेटा, जगभरचे लोक आपला रिकामा कॉम्प्युटर शास्त्रज्ञांच्या गणिताले देऊन राह्यले. गोंडपिपरीनं काऊन मागं राहावं?" शरीरातल्या प्रथिनांच्या घड्या कशा पडतात, त्याचं ते गणित. त्यातून एक दिवस सिकलसेलचं औषध निघेल, हे तुम्ही आमच्या घरी येऊन माझ्या धाकट्या बहिणीसमोर बोललात. तिला सिकलसेल होता, रक्ताचा जन्मजात आजार. अंग ठणकायला लागलं की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तुम्ही येऊन गेलात आणि दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजातून आले की ती कुशीवर वळून विचारू लागली, "ताई, आज किती टक्के झाले वं?"

मार्च लागला आणि गणित मध्येच तुटायला लागलं. पडदा काळा व्हायचा, परत उजळायचा, ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्राम, तो ड्रायव्हर, बंद पडल्याची सूचना यायची आणि साठ-सत्तर टक्क्यांवर आलेलं काम बाद. तुम्ही म्हणालात, ड्रायव्हर बदल. टेलिफोनच्या तारेवरून एवढी मोठी फाइल उतरत नसे, म्हणून मी एसटीने चंद्रपूरला जाऊन नेट कॅफेतून ती सीडीवर आणली. जुना ड्रायव्हर काढला, त्याचे उरलेसुरले तुकडे पुसले, नवा बसवला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग त्याच्या आधीचा बसवला, मग त्याच्याही आधीचा. शिपाईभाऊ दारात उभे आहेत, हातात झाडू. "बाई, सरांनी चौथा ड्रायव्हर बदलाले सांगतला म्हणते. आपल्या कॉलेजाले गाडीच नाई, अन् एवढे ड्रायव्हर कायले पायजे?" मी हसते आहे. तेव्हा मी हसत असे, सर.

चौथाही टिकला नाही. स्टाफरूममध्ये, सगळ्यांच्या देखत तुम्ही म्हणालात, "बाई, तुमच्यानं एक ड्रायव्हर बसत नाई, पोरींना काय शिकवून राह्यल्या?" बेटा नाही, बाई. खोलीची किल्ली टेबलावर ठेवायला लावलीत. कुणीतरी खोकलं, कुणी वर्तमानपत्र उलटलं. घरी आले तर बहिणीने टक्के विचारले. मी सांगितलं, बंद पडलं, माझ्याच हातून बिघडलं. तसंच मला वाटत होतं. तुम्ही म्हणालात म्हणजे तसंच असणार. ती पुन्हा भिंतीकडे वळली. मग म्हणाली, "जाऊ दे वं. तू का मुद्दाम केलं?" त्यानंतर तिने कधी टक्के विचारले नाहीत.

आणि आज तुमच्या अक्षरातलं, त्याच वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीतलं पान. 'झाकण काढून ठेवले. सलग चार दिवस चूक नाही. कार्ड तापत होते. ड्रायव्हर बाईंनी बसवलेलाच आहे.' समोरच्या राइस मिलचा कोंडा उडून येतो म्हणून चालू मशीनवर झाकण घालायचा नियम तुमचा. कॉलेज सुटल्यावर गणित त्या कापडाखाली चालायचं, आमच्याकडच्या उन्हाळ्यात. बहीण गेली पौषात. तुम्ही भेटायला आलात, तासभर बसलात, चहा घेतलात, जाताना "धीर धर, बेटा" म्हणालात. ते पान लिहून तेव्हा दोन महिने झाले होते. माझं सोडा. पण तिला एक वाक्य सांगायला तुमच्याकडे दोन महिने होते, आणि आमचं घर तुमच्या घरापासून चार गल्ल्यांवर होतं. ती गेली ती ताईने बिघडवलं असंच समजून.

हे पाठवायचं कुठे? पाठवता आलं असतं तर पुढचं लिहिलंही नसतं. निघताना ते झाकण रोज मीच घालत होते. कापड हाताला गरम लागायचं, चांगला चटका बसेल इतकं. फिजिक्स मीही शिकवत होते. काकूंनी शिवलेलं, तुम्ही घालायला सांगितलेलं, म्हणून बोलले नाही.

नव्या मॅडमनी यादीवर सही केली. दिलं ते असं: कॉम्प्युटर एक, बंद. ग्राफिक्स कार्ड एक, पंखा बोटाने फिरतो. ड्रायव्हरच्या सीड्या चार. कापडी झाकण एक, मागच्या बाजूला करपल्याचा डाग. किल्ली एक. नोंदवही यादीत लिहिली नाही. ती माझ्या पिशवीत आहे.