शेठ कुणाकडे बघतो

सोमवार, ३ तारीख

आज लेकीकडे कायमचा राहायला आलो. एक ट्रंक, एक पिशवी, छत्री आणि औषधांचा डबा. जावयाने ट्रंक स्वतः तीन मजले वर चढवली आणि धापा टाकत विचारलं की मामा, आत दगड भरलेत की काय. कढया आहेत म्हटलं. त्याला गंमत वाटली, पण खरंच दोन आहेत. चाळीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक केला, त्या टाकवल्या नाहीत.

खोली छान आहे. सकाळचं ऊन थेट पलंगावर. पूर्वी इथे व्याही राहायचे. त्यांना जाऊन पाच महिने झाले. त्यांची हातांची खुर्ची अजून जागच्या जागी आहे आणि खुर्चीसमोर त्यांची काचेची टाकी, सहा बादल्या पाण्याची. आत एकच मासा. वीतभर, नारिंगी. घरात त्याला शेठ म्हणतात, कारण काही न करता सगळ्यांकडून सेवा करून घेतो. सध्या शेठ आजारी आहे. खड्यांवर पोट टेकून पडलेला असतो, पर मिटलेले, तोंड खुर्चीकडे. कल्ले तेवढे हलतात.

नात सात वर्षांची. तिला मी भिंगरी म्हणतो, कारण एका जागी बसणं तिला कुणी शिकवलेलंच नाही. दिवसभर पॅसेजमध्ये दोरीवरच्या उड्या. टप, टप, टप. खालच्या मजल्यावरचे मास्तर दोनदा सांगून गेले म्हणे की आमच्या डोक्यावर घोडा बांधलाय का.

लेकीने शेठ माझ्या ताब्यात दिला आणि ही वहीही दिली. म्हणाली, बाबा, मला ऑफिसात दर तासाला फोन करायचा नाही, जी काळजी वाटेल ती यात लिहा, मी संध्याकाळी वाचीन. शिक्षण माझं सहावीपर्यंत. पण लिहीन.

बुधवार, ५ तारीख

माशांच्या दुकानात जाऊन आलो. दुकानवाल्या बाई जरा तुटक बोलतात. त्यांनी सांगितलं ते लिहून ठेवतो. तीन दिवस खायला काही घालायचं नाही. एक दिवसाआड चौथाई पाणी बदलायचं, आणि नवं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं हवं. दर बादलीला एक चमचा मीठ. मी विचारलं, चमचा कोणता, चहाचा की वाढायचा? सपाट की शिगोशीग? त्या म्हणाल्या, आजोबा, मासा आहे, लग्नाची पंगत नाही.

घरी आल्यावर काळजी लागली. जास्त पडलं तर जाईल बिचारा. शेवटी कँटीनमध्ये करायचो तेच केलं. मीठ वजनकाट्याला कळत नाही, जिभेला कळतं. टाकीत बोट बुडवून चव बघितली. थोडं कमी होतं. आणखी अर्धा चमचा घातला.

भिंगरीने ते पाहिलं. तिनेही बोट बुडवून चाटलं आणि माझ्यासारखी मान हलवून म्हणाली, बरोब्बर झालंय. हसून हसून माझी कवळी निसटायची राहिली.

रविवार, ९ तारीख

शेठ उठला! सकाळी बघतो तर टाकीच्या मधोमध तरंगतोय, पर पंख्यासारखे पसरलेले. जावई तर बघतच राहिला. म्हणाला, बाबांच्या शेवटच्या आठवड्यात हा असाच नाचत होता, आणि ते गेले त्या दिवशी जो खाली बसला तो आज उठला. मामा, तुमच्या हाताला गुण आहे.

चाळीस वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. माझी मदतनीस मात्र आज आळसावली आहे. पाणी बदलताना आली, चव बघितली आणि खुर्चीत बसून राहिली. दोरी खिळ्याला टांगलेली.

गुरुवार, १३ तारीख

भिंगरी शाळेतून आली की झोपते. ताप नाही, खोकला नाही. जेवताना घास तोंडात तसाच राहतो. लेक म्हणते, परीक्षेचा शीण असेल. दुसरीच्या मुलीला कसला आलाय परीक्षेचा शीण?

शेठ फार छान खातो. रंग उजळलाय. एक गोष्ट मात्र मनाला खटकली. तो पूर्वी खुर्चीकडे तोंड करून असायचा. आता डावीकडच्या भिंतीकडे बघतो. पलीकडे भिंगरीची खोली आहे.

सोमवार, १७ तारीख

डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, डोळे, जीभ बघितली. सगळं ठीक म्हणे. टॉनिक दिलं. जिने चढताना जावयाने तिला कडेवर घेतलं. खालचे मास्तर दारात उभे होते. त्यांनी विचारलं की हल्ली उड्यांचा आवाज येत नाही, आणि आम्ही वर पोचेपर्यंत ते दार न लावता तसेच उभे राहिले.

दुपारी घरात आम्ही दोघंच. मनातली शंका जाईना म्हणून तिला उचलून माझ्या पलंगावर, उजवीकडे, निजवलं. मागे वळून बघितलं तर शेठ हळूहळू फिरत होता. घड्याळाच्या काट्यासारखा. पलंगाकडे तोंड आल्यावर थांबला.

तिला स्वयंपाकघरात नेलं. शेठ तिकडे वळला. परत तिच्या खोलीत नेलं. परत भिंतीकडे.

तीन वेळा करून बघितलं. म्हातारपणाचे भास म्हणतात ते एवढे शिस्तीत नसतात.

मंगळवार, १८ तारीख

लेकीला सांगितलं. तिने आधी ऐकून घेतलं, मग माझ्या गोळ्यांची डबी तपासली. वही वाचायचं तिने कधीच सोडलंय. जावयाला म्हटलं, मासा कुणाला तरी देऊन टाक. तो दुखावला. तो मासा त्याच्या आईने आणलेला. मी विचारलं, तुझी आई कशाने गेली? म्हणाला, कशानेच नाही, मामा. थकून थकून.

संध्याकाळी टाकीखालचं कपाट आवरलं. व्याही ज्या नळीने पाणी काढायचे ती मिळाली. एक टोक टाकीत, दुसरं तोंडात धरून ओढायचं, पाणी आलं की बादलीत सोडायचं. घोट दोन घोट तोंडात जायचेच. नळीच्या टोकाला दातांच्या खुणा आहेत. दोन वेगळ्या माणसांच्या. एक जबडा लहान, बाईमाणसाचा.

पाणी तोंडात गेलं की तो माणूस ओळखतो.

मग मला का नाही धरलं? चव आधी मीच बघितली. पण माझ्यात घेण्यासारखं काय उरलंय? आणि ती — ती तर भिंगरी.

चव बघायला तिला मी शिकवलं. मी.

गुरुवार, २० तारीख

आज त्याला मारायचं ठरवलं. लेक औषधं आणायला गेली होती. हवेचा पंप बंद केला. थोड्या वेळाने शेठ वर आला आणि पाण्याबाहेर तोंड काढून आ वासू लागला. मी उभा राहून बघत होतो. बरं वाटत होतं.

पलीकडून आवाज आला. धावलो. भिंगरी पलंगावर तशीच, आ वासलेली. ओठ निळसर.

पंप लावला. पिन भोकात जाईना. पाच मिनिटांनी तिचा श्वास सुरळीत झाला.

म्हणजे तो तिच्याकडे बघतोय तोवर त्याला काही करता येत नाही. दूर देऊनही उपयोग नाही, तिथून ओढेल.

त्याला आधी माझ्याकडे वळवायला हवं.

शुक्रवार, २१ तारीख

बोटभर पाण्याने भागणार नाही. टाकीतला पेलाभर प्यालो. खारट, बुळबुळीत. भिंगरीला खोलीत यायची बंदी केली. ती रडलीसुद्धा नाही, एवढा जोर तिच्यात नाही.

शेठ भिंतीकडेच.

रविवार, २३ तारीख

रोज चार पेले. अर्ध्या जिन्यातच बसावं लागतं. लेक विचारते काय होतंय, मी म्हणतो वय होतंय.

दुपारी तो भिंत आणि खुर्ची यांच्या मधे बघत होता. मी खुर्चीत.

मंगळवार, २५ तारीख

वळला. पूर्ण. डोळ्यांत डोळे.

पलीकडे भिंगरीने खायला मागितलं. दोन अंडी खाल्ली. लेक रडतेय, हसतेय. टॉनिकला गुण देतेय. देऊ दे.

बुधवार, २६ तारीख

खुर्चीतून उठवत नाही. वही मांडीवर. मासा काढायची जाळी खुर्चीच्या हाताला अडकवून ठेवली. त्याला बाहेर काढायचं. तो माझ्याकडे बघतोय तोवर. म्हणजे संपेल ते माझ्यातच. हात जाळीपर्यंत जातो, वर येत नाही. उद्या.

लेकी, वाचशील तेव्हा — टाकी फोड. नळी जाळ. टॉनिक नव्हतं ते.

गुरुवार, २७. सकाळ

दोरीचा आवाज! पॅसेजमध्ये. टप, टप. अठरा दिवसांनी. खालच्या मास्तरांनी हाक मारून विचारलं म्हणे, घोडा परत आला का.

थोडं ऐकतो. मग जाळी.

त्याच दिवशी

डोळा लागला होता. उघडला तर भिंगरी टाकीपाशी. स्टुलावर. म्हणाली, आजोबा, तुम्हाला बरं नाही ना, आज मीठ मी बघितलं. बरोब्बर झालंय.

ओरडायला गेलो. आवाज नाही.

ती उड्या मारायला पळाली. शेठ हलला — दाराकडे —

आत्ताच. आत्ताच काढला पाहिजे. अजून एक डोळा माझ्याकडे आहे —

काढला. कसा ते माहीत नाही. जाळीसकट मांडीवर. फडफडतोय, वही भिजली. वळला किती होता — निम्मा? निम्म्याहून — मला दिसलं नाही नीट —

छाती आवळतेय. बरं आहे. म्हणजे मी. मीच असेन. माझ्याकडेच असेल.

दोरी ऐकू येतेय. टप. टप. तीच खूण. ती चालू आहे तोवर —

कल्ले थांबत आलेत.

टप

येतोय आवाज. सावकाश, पण येतोय. दमली असेल. लहान आहे, दमते —

टप

अजून ये