लारीवरची खोली

४ फेब्रुवारी १९३८, अमरावती

आज लारी उलटलीच होती!

मस्करी माहीच. वकीलसाहेबांचा पुतण्या चिंतामण लारीवरच्या नव्या खोलीत खाटेवर राजासारखा चिवडा खात लोळून रायला होता. बडनेऱ्याच्या रस्त्याले मी म्हणलो, याले जरा खाली पाडू. चाक झटकन डावीकडं, लगेच उजवीकडं. चिंतामण पडला. पन मागची खोली काही सरळ व्हायेना! एका बाजूची चाकं उचलली — मले पायाखाली समजलं. मंग धाडकन खाली.

चिंतामण बाहेर आला, डोक्यात सगळा चिवडा. "गोवर्धन, अबे मारतो काय?"

मी हासलो. मंग उतरून चाकाच्या खुणा पायल्या.

या खोलीत ताराताईले आणायचं हाये.

५ फेब्रुवारी

वकीलसाहेबांले सगळं सांगून टाकलं. मोरोपंत वकील कोर्टात गरजतात, इथं अगदी हळू बोलले. "ती आत असती तर?"

"मनूनच सांगून रायलो."

ताराताई त्यायची एकुलती एक. अकोल्याच्या पलीकडच्या मालेगावले दिली. सातवा महिना, अन् सासरी जिन्यावरून पडली. डाक्तर म्हणे, बसवू नका, आडवीच न्या, नाईतर लेकरू हातचं जाईल, तीबी जाईल. मालेगावले रेल नाई. बैलगाडीचे हिसके चालत नाई. मनून साहेबांनी लारीच्या पाठीवर सागवानी खोली बांधून घेतली — खाट, खिडक्या, चूल, छपरावर पाण्याची टाकी. राजापेठेतले लोक पाहाले येतात. दिसते मोठी झोकात. पन मधात पातूरचा घाट हाये!

साहेबांनी मले काढलं नाई. म्हणे, "आठवड्यात नीट कर. दुसऱ्या कोणावर मी ते सोडणार नाही."

शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं.

७ फेब्रुवारी

टाकी! लारी वळवून थांबवली तरी खोली डुलतच होती. वर चढून पायलं तं अर्ध्या टाकीत पाणी इकडून तिकडं धडका देऊन रायलं.

गोदाकाकू, म्हंजे ताराताईची आई, अंगणातून म्हणे, "अरे, अर्धा हंडा डोक्यावर जास्त हिंदकळतो. भरून तरी घे, नाहीतर रिकामा कर."

मी म्हणलो, "काकू, वर नकोच ना." टाकी काढली, खाली तळाशी बांधली, मागच्या चाकाच्या पुढं. चूलबी काढली. लोखंडी पेटी होती तेबी पुढं सरकवली. आधी पुढची चाकं हलकी लागत — हातात चाक हाये का पतंगाचा मांजा, समजे नाई. आता लारी ऐकते.

८ फेब्रुवारी

माय म्हणे, "भाजीची गाडी हाकणाऱ्या पोट्ट्याले लोकं पोरगी सोपवून रायले, बाप्पा!" म्हणाली गमतीनं. मंग जेवलीच नाई.

१० फेब्रुवारी

चिंतामणले खाटेवर झोपवला, पोटावर ताकाची वाटी. "सांडलं तं तू पुसायचं!"

पहिल्या वळणावर मधातच ब्रेक दाबला — ताक त्याच्या बंडीवर. दुसऱ्यांदा वळणाच्या आधीच गाडी मंद केली, वळणात काहीच केलं नाई, निस्ती जाऊ देली. थेंब नाई सांडला! मंग तेच करत रायलो. पुढून मोटार आली तरी झटका द्यायचा नाई. खड्डा दिसला तं सोसायचा, टाळाले जायचं नाई.

माह्यासारख्याले हे सगळ्यात अवघड. माहा हात वळवळतेच.

शेवटी चिंतामण ताक पिऊन झोपला. घोरला साला!

१३ फेब्रुवारी, मालेगाव

साहेब अन् चिंतामणले घेऊन अकोल्याहून निघालो, घाट चढून आलो. चढताना साधलं. उद्या उतरायचं.

इथं वेगळाच ताप. जावई उद्धवरावांनी खोलीच्या छपरावर पोती चढवली — तूर, गूळ, वर पितळी घंगाळ. म्हणे, "आमची बायको रिकाम्या हातानं माहेरी जाणार नाही. लोक काय म्हणतील?"

मी वकीलसाहेबांकडं पायलं. ते जमिनीकडं पाहून रायले. व्याह्यांच्या दारात पोरीचा बाप काय बोलंल!

"साहेब, वर वजन नको. घाटात खोली कलते."

"भितोस काय रे?"

"हो जी. पन राहू द्या पोती. निस्तं तुमी संग चला, ताराताईपाशी खोलीत बसा. तुमी असले तं मले धीर येते."

उद्धवरावांनी छपराकडं पायलं. मंग म्हणे, "मला उद्या कचेरीत काम आहे."

घडीभरानं पोती खाली आली. चिंतामण गोठ्यामागं जाऊन हासला. मलेबी हासू आलं होतं, पन ताराताईले चौघींनी उचलून आणलं तवा गेलं. कवडीसारखी पांढरी. लहानपणी माह्या टोपलीतले पेरू चोरे — तेच हे, ओळखू येईना.

१४ फेब्रुवारी, अकोला

लिहू का नको. हात अजून आखडले हायेत.

ताराताई खाटेवर, दोन्ही बाजूनं गाद्या. चिंतामण तिच्यापाशी. साहेब माह्या बाजूले. ठरलं होतं — दुखलं तं मधल्या फळीवर एकदा ठोकायचं, थांबायचं असलं तं दोनदा.

घाट पहिल्या गेरात उतरून रायलो होतो. अर्ध्यात एका वळणावर सरकीच्या गाड्या वर येताना भेटल्या. बैल बुजले, गाडी आडवी झाली. जागा फक्त दरीकडं. मी झटका नाई देला. मंद मंद करून थांबवली — अन् मागचं चाक कडेच्या मुरमात रुतलं.

खोली दरीकडं कलली. सागवान कुरकुर वाजलं.

एकदा ठोकलं.

साहेब खाली उतरले, तोंड राखेसारखं. मी म्हणलो, "पुढं काढली तं आणखी कलंल. मागं घेतली तं सोपं हाये, चाक आलं त्याच वाटेनं निघते. पन कड खचली हाये, मंग मालेगावले परत जाऊ, उद्या पाहू."

साहेब म्हणे, "मागे घे."

फळीआडून ताराताईचा आवाज. एवढासा. "मागे नको. गोवर्धन, पुढे काढ."

"तारा, ऐक —"

"बाबा, पुढे! मी सांगते ना, पुढे!"

दोन्ही मुठींनी फळी वाजवून रायली होती.

साहेबांनीच सरकीवाल्यांले हाका मारल्या. त्यायनं आडवी गाडी सारली, खोलीले दोर बांधले, डोंगराकडं धा माणसं लोंबकळली. चाकाखाली दगड सारले. मी क्लच सोडला, इतका हळू का पायच नाई समजला. खोली आणखी कलली. कोणीतरी "पांडुरंगा!" म्हणलं. मंग चाकानं दगड धरला, अन् लारी वर आली.

पुढचा घाट मले आठवत नाई.

पातूरले खिडकीतून विचारलं, "ताई, कसं हाये?"

"तू इतका शहाणा कधी झालास रे?" असं म्हणे. डोळे मिटलेलेच.

१५ फेब्रुवारी

अमरावती. दारात गोदाकाकूनं भाकरतुकडा ओवाळला. मी लारीखाली जाऊन झोपलो.

११ एप्रिल

पोरगी झाली! दोघी खुशाल. चिंतामणनं पेढे वाटले, मले एकात मीठ भरून देला. सोडत नाई मी त्याले.

२२ मे

उद्धवराव न्याले आले. म्हणे, "गाडी चांगली आहे, तीच काढा." साहेबांनी परवाचा दिवस ठरवला.

मी चाकात हवा भरून रायलो होतो. ताराताई पोरीले घेऊन आली. म्हणे, "बाबांना सांग, लारी घाटात उलटेल."

मी म्हणलो, "आता कायची उलटते, ताई! ताकाची वाटी ठेवा पाहिजे तं."

ती हासली नाई. उद्धवराव आत होते त्या दाराकडं एकदा पायलं. मंग म्हणे, "मी जिन्यावरून पडले नव्हते, गोवर्धन."