बनूमावशीनं न दिलेलं नाव

बदलापूर,
१८ फेब्रुवारी २००८

प्रिय बनूमावशी,

सप्रेम जयभीम. पत्र बघून तू घाबरशील म्हणून आधीच सांगते, मी ठणठणीत आहे. खोकला नाही, ताप नाही. वजन तर असं वाढलंय की लग्नातले ब्लाउज दोन्ही बाजूंनी उसवावे लागले. फोन का नाही केला म्हणशील. दोनदा केला होता गं, तुझ्या भावाच्या शेजारच्या नंबरावर. दोन्ही वेळा ते तुला हाक मारायला गेले आणि मी इकडे फोन ठेवून दिला. बोलायला लागले की मी रडते, मी रडले की तू मलाच समजावत बसतेस आणि मग सांगायचं ते राहून जातं.

महिन्यापूर्वी माहेरी गेले होते, तेव्हा आईनं सगळं सांगितलं. तुला टीबी झाला. सात वर्षं घरोघर जाऊन लोकांना टीबीच्या गोळ्या गिळवणारी तू, आणि तुलाच! आरोग्य केंद्रातल्या साहेबांनी म्हणे दुसऱ्याच दिवशी पिशवी आणि ओळखपत्र काढून घेतलं. तुम्ही नोकरीत नव्हताच, स्वयंसेविका होता, म्हणाले. वा रे वा! पोलिओच्या रविवारी टोपी घालून चाळी पालथ्या घालायच्या तेव्हा आमच्या बनूबाई, आणि आजारी पडली की स्वयंसेविका. खोलीमालकानं भांडीसुद्धा धुऊ दिली नाहीत म्हणे नळावर, म्हणून तू पालेगावला भावाकडे गेलीस. आई सांगत होती आणि माझ्या डोक्यात नुसती आग होत होती.

पण खरी गोष्ट पुढेच होती. तू अर्ज केलास की बरी झाल्यावर कामावर परत घ्या, तोवरचं मानधन चालू ठेवा. त्यावर साहेब म्हणाले, कामावर असताना लागण झाली कशावरून? कुठल्या पेशंटकडून झाली, त्याचं नाव लिहून द्या, मग वर पाठवतो. आणि तू म्हणालीस, नाव देणार नाही, मी शब्द दिलाय. आई हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. भाजी निवडत होती. तू कुणाचं नाव लपवतेस, हे त्या घरात आम्हा दोघींनाच ठाऊक आहे.

मावशी, तुला आठवतं, तू पहिल्यांदा आलीस तो सोमवार? मी कॅम्प तीनला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जात होते. खोकला लागला तर सेठ म्हणायचे, कपड्याची धूळ आहे, गूळ खा. किलोभर गूळ खाल्ला मी! मग रुमालावर रक्त आलं आणि तपासणीत टीबी निघाला. आईनं आधी विचारलं काय, तर हिचं लग्न कसं होणार? औषधाचं नंतर. त्यात तू दारात उभी, खांद्याला पिशवी. शेजारचे चिंतामणीकाका ओट्यावर पेपर वाचत बसलेले, त्यांनी विचारलं, कोण पाहिजे? तू एक क्षण थांबली नाहीस. म्हणालीस, अंजनाबाईंच्या मुलीसाठी स्थळ घेऊन आलेय. बाई गं! मी आतून ऐकत होते, इतक्या तापातही हसू आलं मला.

झालं, तिथून तू स्थळंवाली मावशी. सोमवार, बुधवार, शुक्रवार स्थळं आणायचीस आणि मी नाकारायचे. दोन महिन्यांत चाळीत बोभाटा झाला की या पोरीला राजपुत्र पाहिजे. नळावर बायका मला टोमणे मारायच्या, किती नखरे गं तुझे! आणि गंमत म्हणजे चिंतामणीकाकांनी पुतण्याचा, त्या धर्मराजचा फोटो तुझ्या हातात ठेवला, याचंही बघा म्हणून. दुसरी कुणी असती तर टाळलं असतं. तू खरंच पालेगावची मुलगी दाखवलीस आणि लग्न लावून दिलंस! गेल्या महिन्यात त्यांना मुलगा झाला. काका अजून म्हणतात, बाईचा हातगुण चांगला आहे. त्यांना काय माहीत त्या पिशवीत काय असायचं.

त्या सात गोळ्या, मावशी. एकेक करून तू हातावर ठेवायचीस. पाणी प्यायले की तोंड उघडायला लावायचीस, जीभ वर करायला लावायचीस. मी तुला काय काय बोलले! पोलिसीण म्हणाले, कसाई म्हणाले, एकदा तर ग्लास फेकला. तू ओलं झालेलं लुगडं पिळलंस आणि दुसरा ग्लास भरून आणलास. उलटी होऊन गोळी पडेल म्हणून वर अर्धा तास बसायचीस, डब्यातून आणलेलं अंडं सोलून द्यायचीस. तुझ्या स्वतःच्या घरी अंडी रोज होत नसणार, हे मला कळायला दोन वर्षं लागली. माझ्या सख्ख्या मावशीनं त्या सहा महिन्यांत उंबरा ओलांडला नाही. मी आज चालते-फिरते ती तुझ्यामुळे, हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. आज म्हणते. तुझे उपकार आहेत माझ्यावर, आणि ते मानायला मला लाज नाही वाटत, उशीर झाला याची लाज वाटते.

आता ते सांगते, जे तू आजवर एकदाही काढलं नाहीस. पहिल्या दिवशी तू म्हणालीस, बाहेर ओट्यावर बसू, नाहीतर निदान खिडकी उघडी ठेवू, वारा खेळता पाहिजे, आम्हाला तसंच शिकवलंय. आईनं हात जोडले, लोक बघतील. तू तरी ऐकत नव्हतीस. तेव्हा मी म्हणाले, खिडकी उघडलीस तर मी एकही गोळी घेणार नाही, मेले तरी चालेल. तू तोंडाला पदर लावलास तर तोही मी काढायला लावला, मी काय घाण आहे का म्हणून. तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग उठलीस, स्वतःच्या हातानं खिडकी लावलीस, दाराला कडी घातलीस आणि माझ्यासमोर येऊन बसलीस. दहा बाय दहाची खोली आणि मी तुझ्या तोंडावर खोकत होते. दोन महिने, आठवड्यातून तीन दिवस. तुला सगळं कळत होतं, तरी बसलीस, कारण मी गोळी घ्यायला हवी होती.

मला बरं केल्यावर दवाखान्यात टीबी दिनाचा कार्यक्रम झाला होता, मी मागे उभी राहून बघितला. स्टेजवर सगळ्यांचे सत्कार झाले, कुणी औषधं पाठवली, कुणी गाडी दिली, कुणी नुसतेच आले होते. सतरंज्या तू घातल्यास आणि कार्यक्रम संपल्यावर तूच गुंडाळल्यास. तुझं नाव कुणी घेतलं नाही. मीही टाळ्या वाजवून घरी आले. पुढे राजरत्नशी लग्न ठरलं तेव्हा तू स्वतःहून म्हणालीस, मी हळदीला येत नाही, कुणीतरी ओळखेल आणि विचारेल. माझा जीव भांड्यात पडला होता मावशी. तू येत नाहीस म्हणून मला हायसं वाटलं! हेही लिहून टाकते.

महिनाभर गप्प बसले. इकडे घरात कुणाला काही माहीत नव्हतं. सासूबाई चांगल्या आहेत, पण आजाराच्या बाबतीत फार भित्र्या. वाटायचं, तू तर नाव देणारच नाहीस, मग मी कशाला तोंड उघडू? संसार नवा आहे, जाऊ दे. रोज असंच काहीतरी स्वतःला समजवायचे आणि रोज जेवण जायचं नाही. शेवटी शुक्रवारी राजरत्न फॅक्टरीतून आला, चहा प्यायला, आणि मी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. गुळापासून सांगितलं. सासूबाई उठून आत गेल्या. अजून माझ्याशी बोलत नाहीत, माझं ताट वेगळं काढतात. राजरत्ननं रिकामा कप मोरीत नेऊन ठेवला. मग म्हणाला, आधी का नाही सांगितलंस, हा राग मला आहे आणि तो राहील थोडे दिवस. शनिवारी मात्र माझं उपचाराचं जुनं कार्ड मागून घेऊन गेला आणि त्याच्या तीन झेरॉक्स काढून आणल्या. एवढं पुरे आहे मला सध्या.

तर मावशी, हे पत्र लिहायचं कारण सोबतच्या कागदात आहे. तो माझा जबाब आहे, साहेबांच्या नावानं. त्यात मी लिहिलंय की माझ्या थुंकीत जंतू होते, खिडकी मी बंद करायला लावली, बनूबाई कामावर असताना माझ्यासमोर बसल्या आणि त्यांच्यामुळे मी जगले. मागे कार्डाची झेरॉक्स जोडली आहे. तू मला दिलेल्या शब्दातून मी तुला मोकळं करते, आता तुला कुणाचं काही लपवायचं नाही. आई म्हणाली, निदान माहेरचं नाव लिही, तिकडच्या शेजारपाजाऱ्यांना कळायला नको. मी नाही ऐकलं. सही केली आहे, सौ. प्रीती राजरत्न गमरे. खाली बदलापूरचा पूर्ण पत्ता लिहिलाय. साहेब नाव मागत होते ना, त्यांना हे दे.

तुझीच,
प्रीती